मूक जीव हाती घेताना

प्रयोगशाळेतील पांढऱ्या उंदराचे वजन साधारण २५ ग्रॅम असते. जुन्या तोळ्याच्या हिशेबाने सराफाच्या तराजूत ते दोन तोळ्यांहून थोडेसे अधिक भरेल. त्याचे हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे वेळा धडधडते, त्याच्या साऱ्या देहात मिळून चहाचा अर्धा चमचा भरेल इतकेही रक्त नसते आणि त्याचे आयुष्य फार तर दोन-अडीच वर्षांचे. अशा या इवल्या जिवाच्या आधारावर आधुनिक औषधशास्त्राची फार मोठी इमारत उभी आहे. घरातील औषधांच्या डब्यात आज जे काही असते, त्यातील बहुतेक द्रव्ये माणसाच्या पोटात जाण्यापूर्वी कोठे ना कोठे उंदराच्या देहातून गेलेली असतात.

जैन व्यापारी कुटुंबांत औषधांची घाऊक किंवा किरकोळ दुकाने चालवणारे पुष्कळ आहेत. त्यांची मुले-मुली फार्मसी, वैद्यक, जीवतंत्रज्ञान यांचे शिक्षण घेत आहेत. उंदीर हा पंचेंद्रिय जीव आहे, हे तेथे कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. तरीही या विषयावर घरात बोलणे सहसा होत नाही. एक पक्ष म्हणतो, हे सारे पाप आहे, त्याचे नावही काढू नये. दुसरा म्हणतो, औषधावाचून जग चालत नाही, मग विचार तरी कशाला करावा? उंदराला प्रत्यक्ष हाती घेणाऱ्या माणसाकडे मात्र दोन्ही पक्षांची पाठ असते. वास्तविक त्या जिवाच्या वेदनेचा बराचसा हिशेब त्या हातातच ठरतो. तो हात काय करतो आणि गेल्या काही दशकांत तो काय शिकला, हे जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

ऑक्सफर्डचे आठ उंदीर

दिनांक २५ मे १९४०, शनिवार. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठात हॉवर्ड फ्लोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ उंदरांना स्ट्रेप्टोकोकस या प्राणघातक जंतूंचे इंजेक्शन दिले. सुमारे तासाभराने त्यांपैकी चौघांना पेनिसिलिन टोचण्यात आले. उरलेल्या चौघांना काहीच दिले नाही. नॉर्मन हीटली हे तरुण संशोधक रात्रभर पिंजऱ्यांपाशी थांबले. पहाटे साडेतीनच्या सुमारास औषध न मिळालेले चारही उंदीर मरण पावलेले होते आणि औषध मिळालेले चारही जिवंत होते. त्यानंतरच्या काळात पेनिसिलिनने असंख्य माणसांचे प्राण वाचवले.

या घटनेत विज्ञानाचा विजय आहे आणि चार जिवांचा अंतही आहे. दोहोंपैकी एक झाकून दुसरे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आठ उंदरांनी जे काम भागले ते पुढे शेकड्यांनी, हजारांनी उंदीर वापरून होऊ लागले. त्या वाढत्या संख्येकडे आणि वेदनेकडे पाहून विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ साली एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी तीन तत्त्वे मांडली. प्राण्यावाचून काम होत असेल तर प्राणी वापरू नये. वापरावाच लागला तर त्यांची संख्या कमीत कमी ठेवावी. आणि जो वापरला जाईल त्याला कमीत कमी वेदना व्हाव्यात अशी रीत शोधावी. पर्याय, कपात आणि परिष्कार या नावांनी ही तत्त्वे आज जगभरच्या प्रयोगशाळांत मान्य आहेत. यांतील तिसरे तत्त्व, परिष्कार, हा सर्वस्वी हाताचा विषय आहे.

उचलण्याची रीत

पिढ्यान्‌पिढ्या प्रयोगशाळांत उंदीर शेपटीच्या बुडाशी धरून उचलला जाई. ही पद्धत झटपट होती, हाताला चावा बसण्याची भीती कमी होती आणि शिकवणाऱ्याने तीच शिकवली होती. शेपटीच्या टोकाला धरले तर त्यावरची कातडी सुटून येऊ शकते, म्हणून बुडाशी धरावे, एवढीच काय ती खबरदारी.

ब्रिटनमधील लिव्हरपूल विद्यापीठाच्या जेन हर्स्ट आणि रिबेका वेस्ट यांनी या साध्या कृतीचीच परीक्षा घेतली. त्यांचा निबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. उंदरांचे गट करून काहींना शेपटीने उचलण्यात आले, काहींना उघड्या ओंजळीत घेण्यात आले, तर काहींना पिंजऱ्यात ठेवलेल्या पारदर्शक नळीत शिरू देऊन नळीसकट उचलण्यात आले. नंतर हाताळणाऱ्याने पिंजऱ्यात नुसता हात धरून ठेवला. शेपटीने उचललेले उंदीर त्या हातापासून दूर राहिले. हाताळताना ते अधिक मलमूत्र विसर्जन करीत आणि भीती मोजण्याच्या चाचणीत अधिक भेदरलेले दिसत. ओंजळीतून किंवा नळीतून उचललेले उंदीर मात्र आपण होऊन हाताजवळ येत, त्याचा वास घेत.

ज्याला निसर्गात ससाणा, घुबड, मांजर आणि साप टिपून नेतात, त्या जिवाला शेपटीला धरून अधांतरी लोंबकळणे म्हणजे शिकाऱ्याच्या तावडीत सापडण्यासारखेच वाटत असावे. पुढील अभ्यासांत असेही दिसले की नळीतून उचलण्याची रीत पाळली तर उंदराला नंतर मानगूट धरून सुई टोचली तरी नळीचा लाभ टिकून राहतो. टोचण्याचा क्षण टळत नाही, पण प्रत्येक वेळी पिंजऱ्यात येणाऱ्या हाताची दहशत टळते. दररोज पिंजरा साफ करताना, वजन घेताना, जागा बदलताना उंदीर अनेकदा उचलला जातो. सुई त्या मानाने क्वचित टोचली जाते. म्हणून नळीसारखी जवळजवळ फुकट मिळणारी वस्तू त्या जिवाच्या उभ्या आयुष्यात मोठा फरक पाडते.

उंदीर माणसाला किती बारकाईने टिपतो याचे आणखी एक उदाहरण कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली पुढे आणले. खोलीत पुरुष असला, किंवा पुरुषाने वापरलेला सदरा नुसता ठेवलेला असला, तरी त्या वासाने उंदरांच्या शरीरात तणावाची लक्षणे दिसू लागतात. स्त्रियांच्या उपस्थितीत तसे झाले नाही.

व्यापारी माणसाला यातील मर्म चटकन कळेल. भेदरलेल्या प्राण्याच्या रक्तात तणावाची संप्रेरके वाढतात, साखर वाढते, हृदयाची गती बदलते. मग औषधाचा परिणाम मोजायला घेतलेले रक्त औषधाबद्दल सांगते की भीतीबद्दल? तराजूच खोटा असेल तर मालाचे वजन खरे कसे निघणार? असा प्रयोग फसला की तो पुन्हा करावा लागतो आणि त्यासाठी पुन्हा नवे उंदीर लागतात. निष्काळजी हाताची किंमत अशी दुप्पट मोजावी लागते आणि ती मोजतो तो उंदीर.

सुईचे टोक

इंजेक्शन देण्यासाठी उंदराला स्थिर धरावे लागते. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत मानेमागची सैल कातडी धरायची, पाठ तळहातावर टेकवायची आणि शेपूट करंगळीने अलगद अडकवायची, अशी ही पकड आहे. कातडी फार ताणली तर श्वास कोंडतो. फार सैल धरली तर उंदीर वळतो, चावतो, आणि सुई भलत्याच ठिकाणी जाते. निपुण हाताला हे काम काही क्षणांचे असते. अननुभवी हात तीच धडपड मिनिटभर लांबवतो.

औषध कातडीखाली द्यायचे असेल तर मानेवरची किंवा कुशीवरची कातडी तंबूसारखी उचलून तिच्या पायथ्याशी सुई घालतात. पोटाच्या पोकळीत द्यायचे असेल तर डोके किंचित खाली झुकवतात, म्हणजे आतील अवयव पुढे सरकतात, आणि पोटाच्या खालच्या उजव्या भागात टोचतात, कारण डाव्या बाजूला मोठ्या आतड्याचा फुगीर भाग असण्याची शक्यता अधिक. शिरेत द्यायचे असेल तर शेपटीच्या दोन्ही बाजूंच्या शिरा वापरतात. शेपूट आधी कोमट केली की शिरा फुगतात आणि पहिल्याच प्रयत्नात काम होते. स्नायूत टोचणे शक्यतो टाळतात, कारण उंदराच्या मांडीचा स्नायू अगदी चिमुकला असतो आणि थोडेसे द्रवही त्याला ताणून दुखवते.

द्रव थंड असेल तर झोंबते, म्हणून ते शरीराच्या उष्णतेइतके कोमट करून घ्यावे. सुई प्रत्येक प्राण्यासाठी नवी असावी. एकदा कातडीतून गेलेल्या सुईचे टोक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर ते बोथट झालेले, कधी वाकलेलेही दिसते. काटकसर हा व्यापाऱ्याचा गुण आहे, पण एकाच सुईने अनेक उंदीर टोचणे ही काटकसर नव्हे. त्यात दर पुढच्या जिवाची वेदना वाढते आणि एकाचा रोग दुसऱ्याला लागण्याचा धोकाही असतो.

रक्ताचा हिशेब

उंदराच्या शरीरात दर ग्रॅम वजनामागे साधारण ७० ते ८० मायक्रोलिटर रक्त असते. म्हणजे २५ ग्रॅमच्या उंदरात ते दोन मिलिलिटरच्या आतबाहेर. एका वेळी यातील १० टक्क्यांहून अधिक घेऊ नये आणि २८ दिवसांत एकूण १५ टक्क्यांहून अधिक घेऊ नये, असा दंडक ब्रिटनमधील या विषयाच्या राष्ट्रीय केंद्राने घालून दिला आहे. दहा टक्के म्हणजे जेमतेम चार थेंब. माणसाच्या रक्ततपासणीत एक नळी भरून रक्त सहज घेतले जाते. त्या सवयीचा हात येथे चालत नाही.

रक्त कोठून घ्यावे यालाही चढती पायरी आहे. शेपटीची शीर किंवा मागच्या पायाची वरवरची शीर हे सौम्य मार्ग. तेथे बारीक टोचून आलेला थेंब केशनळीत टिपला जातो आणि नंतर कापसाच्या बोळ्याने दाबून रक्त थांबवले जाते. गालाजवळच्या शिरेतून अधिक रक्त झटकन मिळते, पण जागा चुकली तर इजा गंभीर होते. डोळ्याच्या खोबणीमागून रक्त घेण्याची जुनी पद्धत भूल दिल्याखेरीज वापरू नये, आणि दुसरा मार्ग असेल तर मुळीच वापरू नये, असे आज मानले जाते. हृदयातून रक्त घेणे हे गाढ भुलेत आणि प्राण्याला पुन्हा जागे करायचे नसेल तेव्हाच करता येते.

कौशल्य आणि संख्या यांचा संबंध एका काल्पनिक हिशेबाने स्पष्ट होईल. एखादे औषध रक्तात किती वेळ टिकते हे पाहण्यासाठी आठ वेगवेगळ्या वेळी, दर वेळी तीन उंदरांचे रक्त हवे आहे असे समजा. प्रत्येक नमुन्यासाठी भरपूर रक्त लागत असेल तर एका उंदराकडून एकदाच रक्त मिळेल आणि एकूण २४ उंदीर लागतील. मोजणारे यंत्र आता अवघ्या २० मायक्रोलिटर रक्तावर काम करू शकते. तेवढे रक्त सौम्य हाताने घेतले तर एकच उंदीर चार नमुने देऊ शकतो, तरी एकूण ८० मायक्रोलिटरच होतात, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. मग त्याच कामाला सहा उंदीर पुरतात. उरलेल्या अठरांना पिंजऱ्यात यावेच लागत नाही.

हा हिशेब मांडताना एक सावधगिरी हवी. सहा उंदरांना प्रत्येकी चार वेळा टोचले जाते, हे ओझे त्या सहांवर वाढते. म्हणून संख्या घटली एवढ्यावर समाधान मानता येत नाही. दर वेळची टोचणी किती सौम्य होती, हेही विचारावे लागते.

चेहऱ्यावरची वेदना

उंदीर हा भक्ष्य होणारा प्राणी असल्याने वेदना लपवतो, आरडाओरड करीत नाही. त्यामुळे त्याला फारसे दुखत नाही असा समज बराच काळ होता. मॅकगिल विद्यापीठातील जेफ्री मोगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याचे मापन तयार केले. डोळे आवळणे, नाकावर फुगवटा, गालावर फुगवटा, कानांची ठेवण आणि मिशांची दिशा, या पाच खुणांना गुण द्यायचे. पाहण्याची सवय असलेल्या माणसाला हा मूक चेहरा वाचता येतो आणि वेळेवर वेदनाशामक देता येते. जो जीव बोलत नाही त्याला वेदना नाही, हा समज शास्त्रानेच खोडून काढला.

नको असलेल्या चाचण्या

परिष्कारापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे प्रयोगच टळणे. लसी व जैविक औषधांच्या प्रत्येक खेपेतील थोडा अंश निरोगी उंदरांना टोचून ते जगतात की नाही हे पाहण्याची एक चाचणी विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आली होती. उत्पादनाच्या पद्धती सुधारल्यावर या चाचणीतून उपयुक्त माहिती मिळत नाही, असे अनुभवाला आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने २०१८ साली ती बंद करण्याची शिफारस केली आणि युरोपच्या औषधसंहितेतून ती २०१९ पासून वगळण्यात आली. शंभर वर्षांची वहिवाट होती, म्हणून ती आवश्यक होती असे नव्हे.

भारतातही पावले पडली आहेत. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी २०१४ साली बंद झाली आणि अशी चाचणी केलेल्या मालाच्या आयातीवरही त्याच वर्षी बंदी आली. नव्या औषधांच्या नियमांत २०२३ साली दुरुस्ती होऊन पेशींवरील, संगणकीय आणि अन्य प्राणीविरहित पद्धतींना मान्यता मिळाली. फार्मसीच्या पदवी अभ्यासक्रमात प्राण्यांवरील प्रयोगांची जागा संगणकीय प्रतिकृती आणि चित्रफितींनी घेतली आहे.

कायदा आणि एक रिकामी खुर्ची

रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या विधेयकाच्या प्रेरणेतून १९६० साली प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. त्यात प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीची तरतूद आहे. प्रयोग काळजीने व दयाबुद्धीने व्हावेत, शस्त्रक्रियेच्या वेळी भूल द्यावी, आणि केवळ हात बसावा म्हणून शक्यतो प्रयोग करू नयेत, असे हा कायदा सांगतो. यातील शेवटची सूचना विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पकड आणि सुईचा पहिला सराव रबरी किंवा सिलिकॉनच्या कृत्रिम उंदरावर करता येतो. हात स्थिर झाल्यावरच, तेही जाणत्याच्या देखरेखीखाली, जिवंत प्राणी हाती घ्यावा.

१९९८ च्या नियमांनुसार प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत एक प्राणी नीतिसमिती असावी लागते. किती उंदीर, कशासाठी, कोणत्या पद्धतीने, हे तिच्यापुढे मांडून मंजुरी घ्यावी लागते. या समितीत शास्त्रज्ञांबरोबर केंद्रीय समितीने नेमलेली, विज्ञानक्षेत्राबाहेरची एक समाजाभिमुख व्यक्तीही असते. ती खुर्ची सामान्य नागरिकाची आहे. उंदीर चोवीस का, सहा का नाहीत? सुई दर वेळी नवी असते का? शेपटीने उचलता की नळीतून? हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही, डोळस करुणा आणि थोडा अभ्यास लागतो. पांजरपोळ चालवणारा समाज या खुर्चीकडे अजून पुरेसे वळलेला दिसत नाही.

यतनेचा अर्थ आणि तिची सीमा

पाच समितींपैकी चौथी आदान-निक्षेपण समिती. वस्तू उचलताना व ठेवताना जीवहिंसा होऊ नये यासाठी पाळायची दक्षता, हा तिचा अर्थ. साधूच्या पात्राविषयी आणि उपकरणांविषयी सांगितलेली ही शिस्त प्रयोगशाळेतल्या हाताला लावणे काहींना धाडसाचे वाटेल. कारण तेथे जी गोष्ट उचलली जाते तीच मुळी जीव आहे आणि पुष्कळदा अखेरीस तो जीव घेतलाही जातो.

हा आक्षेप योग्यच आहे. ओंजळीत घेतलेला उंदीर पुढे प्रयोगाअंती मारला गेला, तर ओंजळीने त्या हिंसेची अहिंसा होत नाही. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादाशी जोडलेली आहे, परंतु सावधपणे केलेली जाणूनबुजून हत्या निर्दोष ठरते असा तिचा अर्थ कोणी लावू नये. परिष्काराला हिंसेचे प्रमाणपत्र मानणे हा नवा प्रमाद होईल.

मात्र ज्या क्षणी एखाद्या पिंजऱ्यात एक जीव आहे आणि त्याच्याकडे हात जाणारच आहे, त्या क्षणी तो हात कसा जावा हा प्रश्न उरतोच. प्रयोग पूर्णपणे टळेपर्यंत थांबणाऱ्याच्या तात्त्विक शुद्धतेचा त्या उंदराला काहीच उपयोग नाही. फार्मसी किंवा जीवशास्त्र शिकणाऱ्या मुलाने वा मुलीने प्राण्याला हात लावण्यापूर्वी कृत्रिम नमुन्यावर सराव मागावा, आणि मनाला न पटणारे काम नाकारण्याचे धैर्य ठेवावे. औषधनिर्मितीत भांडवल घालणाऱ्याने कारखान्यात कोणत्या चाचण्या अजून निव्वळ वहिवाटीने चालू आहेत हे विचारावे. ज्याच्याकडे वेळ आणि समज आहे त्याने नीतिसमितीवरील त्या खुर्चीसाठी पुढे यावे. या तिन्ही गोष्टी आजच्या आज करता येण्याजोग्या आहेत आणि त्यांतील प्रत्येकीने पिंजऱ्यातील कोणा एकाची भीती थोडी कमी होते.